शिरेत उतरणारं प्लॅटिनम

सुरतमध्ये प्लॅटिनम म्हटलं की आधी हिऱ्याची अंगठी आठवते. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे याच शहरात घासले जातात, तेव्हा हा धातू इथे ओळखीचा असणं साहजिकच आहे. पण याच सुरतमध्ये, कॅन्सर रुग्णालयांच्या डे-केअरमध्ये, प्लॅटिनम आणखी एका रूपात भेटतं. सलाईनच्या बाटलीत मिसळलेलं असतं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, आणि ते शिरेवाटे थेंब थेंब उतरत असतं. औषधाचं नाव सिसप्लॅटिन. त्याच्या वजनाचा ६५ टक्के भाग निव्वळ प्लॅटिनमचा. मध्यम बांध्याच्या माणसाला एका वेळी १६० मिलिग्रॅम औषध दिलं, तर त्यातून साधारण १०० मिलिग्रॅम प्लॅटिनम शरीरात जातं. अंगठीत याच्या कितीतरी पट धातू असतो. कॅन्सरच्या पेशीला मात्र एवढं पुष्कळ होतं.

या औषधाबद्दल सुरतेतून लिहावंसं वाटतं, त्याला कारण आहे. उधन्याहून जळगावकडे जाणारी रेल्वे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी खानदेशात शिरते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. याच वाटेनं आलेली खानदेशी माणसं लिंबायत, डिंडोली, उधना भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, लूमच्या खात्यांत आणि मिलांमध्ये काम करतात, घरात अहिराणी बोलतात. नंदुरबार-नवापूरकडच्या अनेकांना मोठ्या दवाखान्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळ पडते. आणि या सगळ्या पट्ट्यात तंबाखू, गुटखा, मावा खाणारी तोंडं भरपूर आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत चघळण्याच्या तंबाखूचं सेवन करणारे प्रौढ महाराष्ट्रात २४.४ टक्के आणि गुजरातेत १९.२ टक्के आढळले. दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण मावा टपरीवर समोर मळून मिळतो. त्यातली सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं केव्हाच जाहीर केलं आहे. भारतीय पुरुषांत आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. ओठ आणि तोंड मिळून २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. या रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेनंतर किंवा शस्त्रक्रियेऐवजी ‘शेक’, म्हणजे रेडिएशन, द्यावं लागतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सोबत हेच औषध देतात.

गंमत म्हणजे हे संयुग कॅन्सरसाठी कुणी बनवलंच नव्हतं. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी ते १८४४-४५ च्या सुमारास तयार केलं, तेव्हा तो फक्त प्लॅटिनमचा एक पिवळा क्षार होता. त्याची रचना कशी असावी, हे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये सांगितलं. पुढे सत्तरएक वर्षं ते पुस्तकांतच राहिलं.

मग आले बार्नेट रोझेनबर्ग. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले हे संशोधक मुळात भौतिकशास्त्राचे. पेशी दुभंगताना तिच्या आत जे तंतूंचं जाळं दिसतं, ते त्यांना चुंबकाभोवतीच्या बलरेषांसारखं वाटलं. तेव्हा विद्युतक्षेत्राचा पेशी-विभाजनावर परिणाम होतो का, हे पाहायला त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रवात विजेचा प्रवाह सोडला. त्यासाठी प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरले, कारण हा धातू कशाशी अभिक्रिया करत नाही अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रयोगात त्यांच्यासोबत लॉरेटा व्हॅनकँप होत्या. प्रवाह सुरू केल्यावर जिवाणू मेले नाहीत, वाढत राहिले, पण दुभंगेनात. एकेक जिवाणू लांबत लांबत नेहमीच्या ३०० पटींपर्यंत गेला. विजेनंच हे घडवलं, असं म्हणून ते थांबू शकले असते. त्यांनी मात्र एकेक शक्यता तपासत खरं कारण शोधून काढलं. इलेक्ट्रोडमधलं किंचित प्लॅटिनम द्रवात उतरलं होतं, द्रवातल्या अमोनिया आणि क्लोराइडशी त्याचं संयुग झालं होतं, आणि तेच विभाजन रोखत होतं. १९६५ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

पेशीला न मारता तिचं विभाजन थांबवणारी गोष्ट हाती आली, की कॅन्सर आठवणारच. १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवर या संयुगाचा परिणाम जाहीर झाला आणि १९७१ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातले लॉरेन्स आइनहॉर्न यांनी अंडकोषाच्या पसरलेल्या कॅन्सरवर ते इतर दोन औषधांच्या जोडीनं वापरलं. तोवर या आजारात दहापैकी एखादा तरुण वाचायचा. सिसप्लॅटिन आल्यावर निम्म्याहून अधिक वाचू लागले, आणि आज पसरलेल्या आजारातही बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. गाठीच्या कॅन्सरवरच्या औषधांत एवढा मोठा पालट क्वचितच झाला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हे औषध नेमकं करतं काय? रेणू अगदी लहान आहे. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, आणि त्याच्याभोवती चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर दोन अमोनिया व दोन क्लोरीन. दोन्ही क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर असतात, आणि त्यातच सगळं बळ आहे. तेच दोन क्लोरीन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसवले, तर घटक तेच, वजन तेच, पण कॅन्सरवर ते संयुग जवळजवळ निरुपयोगी.

रक्तात क्लोराइड भरपूर असतं, लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल. त्यामुळे रक्तातून जाताना रेणूतले क्लोरीन आपल्या जागी टिकतात. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी, ४ ते २० मिलिमोल. आत शिरताच क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात आणि प्लॅटिनम डीएनएला धरायला मोकळं होतं. डीएनएमधल्या ग्वानिन या घटकावर त्याची विशेष पकड. शेजारच्या दोन ग्वानिनांना ते एकमेकांशी बांधून टाकतं, त्यामुळे त्या जागी डीएनएला बाक येतो. लूमवर काम करणाऱ्याला हे समजवायला वेळ लागणार नाही: ताण्याचे शेजारचे दोन धागे एकमेकांत गुंतले, की धोटा पुढे जात नाही आणि माग थांबवावा लागतो. विभाजनाआधी पेशीला सगळ्या डीएनएची प्रत काढायची असते; ती या गाठीशी अडते. गाठ सोडवायचा प्रयत्न होतो, नाही जमला तर पेशी स्वतःचा शेवट करून घेते. अंडकोषाच्या कॅन्सरच्या पेशी ही दुरुस्ती करण्यात कच्च्या असतात, म्हणून तिथे औषधाचा गुण एवढा ठळक. काही पेशी दुरुस्ती शिकतात किंवा औषध आत येऊच देत नाहीत. तिथे पुढे पुढे त्याचा परिणाम ओसरतो.

रेडिएशनही डीएनएच तोडतं. तोडलेला डीएनए जोडायच्या कामात प्लॅटिनमनं अडथळा आणला, की त्याच शेकाचा परिणाम वाढतो. तोंड, घसा, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरमध्ये दोन्ही उपचार एकत्र देतात ते यासाठी. तोंडाच्या ऑपरेशननंतर प्रत्येकाला किमो लागत नाही. गाठ काढलेल्या कडेला कॅन्सर उरलेला दिसला, किंवा मानेच्या गाठीचं कवच फोडून तो बाहेर आलेला असला, तर रेडिएशनला सिसप्लॅटिनची जोड देतात. त्यामुळे ऑपरेशननंतरचा तो तपासणी-अहवाल जपून ठेवा. पुढचा सगळा निर्णय त्या दोन-तीन पानांवर असतो. याखेरीज फुप्फुस, मूत्राशय, अंडाशय, अन्ननलिका, जठर, पित्तमार्ग, हाडांचा ऑस्टिओसार्कोमा अशा कितीतरी कॅन्सरमध्ये हे औषध एकटं किंवा जोडीनं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे, आणि त्याची बाटली काही शे रुपयांत मिळते.

ते गोळीत मिळत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं, आणि देण्याची रीत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. मात्रा ठरवायला उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात. औषध मिठाच्या सलाईनमध्ये मिसळतात, कारण त्यातलं क्लोराइड रेणू टिकवून ठेवतं; नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात मिसळत नाहीत. ॲल्युमिनियमची सुई वापरत नाहीत, कारण प्लॅटिनम त्या धातूशी अभिक्रिया करतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर औषध तळाशी बसतं. नर्सला हातमोजे आणि गाऊन घालूनच हे काम करावं लागतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि जाता जाता तिथल्या बारीक नळ्यांत साचतं. सुरुवातीच्या रुग्णांची मूत्रपिंडं अशी बिघडली, की औषध बाद होण्याची वेळ आली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात भरपूर सलाईन आणि लघवी वाढवणारं मॅनिटॉल देऊन दाखवलं, की मोठी मात्राही सांभाळता येते. म्हणून आजही मुख्य औषध तास-दोन तासांचं असलं तरी त्याच्या आधी आणि नंतर लिटर-लिटरची सलाईन चालते, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालतात आणि दिवस जातो. रुग्णाला वाटतं, नुसतं पाणीच तर लावलंय, लवकर सोडा. ते पाणी उपचाराचाच भाग आहे. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस ठरवून पाणी प्यायला हवं. उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यानं तर फारच. प्रत्येक सायकलआधी, म्हणजे औषधाच्या प्रत्येक फेरीआधी, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, ते यासाठीच. अंगदुखीच्या गोळ्या या काळात मनानं घेऊ नयेत. बारा तास लूमवर उभं राहणाऱ्या माणसाला त्या गोळीची सवय असते, पण सिसप्लॅटिनसोबत तीच गोळी मूत्रपिंडावर दुहेरी भार टाकते. जडीबुटीचे काढे आणि भस्मं यांनाही हेच लागू आहे.

किमो म्हटलं की लोक उलट्यांनाच घाबरतात, आणि या औषधाच्या बाबतीत ती भीती एके काळी खरीच होती. उलटीचा त्रास न झालेला रुग्ण सापडणं अवघड होतं. १९९०-९१ च्या सुमारास ऑनडॅनसेट्रॉन हे उलटी रोखणारं औषध बाजारात आलं, पुढे ॲप्रेपिटंट आलं, मग ओलांझापिनची भर पडली. आता नीट औषधं दिली तर बहुतेकांना त्रास आटोक्यात ठेवता येतो. ओलांझापिननं फार झोप येते, ही तक्रार होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि झोप कमी झाली. एक गोष्ट मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावी: सिसप्लॅटिनचे उमासे पहिल्या दिवशी थांबले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा येतात. म्हणून ‘आज बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. केस मात्र या औषधानं सहसा पूर्ण जात नाहीत, थोडे विरळ होतात.

कानात सतत आवाज येणं, बारीक किंवा उंच आवाज ऐकू न येणं, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा, हे दुष्परिणाम जास्त चिकट आहेत. ऐकण्यातली घट बहुधा भरून निघत नाही. रात्रंदिवस यंत्रमागाच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाचे कान आधीच दुबळे झालेले असू शकतात. त्यानं डॉक्टरांना हे आपणहून सांगावं आणि सुरुवातीलाच कानांची तपासणी करून घ्यावी. हिरे घासणाऱ्याची सगळी रोजीरोटी बोटांच्या टोकांवर असते. त्याच्या बोटांत मुंग्या येऊ लागल्या, तर पुढच्या सायकलपर्यंत वाट न पाहता ते सांगणं गरजेचं. वर्षानुवर्षांनंतरही रक्तात प्लॅटिनमचा अंश सापडतो, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

मात्रा किती आणि किती दिवसांनी, यावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. परदेशात रेडिएशनबरोबर तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देण्याचा प्रघात. भारतात अनेक ठिकाणी सोसावं म्हणून दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम देत असत. टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी ३०० रुग्णांत दोन्ही पद्धती पडताळून २०१८ मध्ये निकाल दिला. दोन वर्षांनंतर मोठ्या मात्रेच्या गटात ७३ टक्के रुग्णांत तोंड-मानेतला आजार काबूत होता, आठवड्याच्या गटात साडेअठ्ठावन्न टक्क्यांत. मोठ्या मात्रेनं त्रास अधिक झाला, तो उघड आहे. पण आजार परत येण्यापेक्षा तो त्रास बरा. पुढे जपानमधल्या अभ्यासात ऑपरेशननंतर दर आठवड्याला ४० मिलिग्रॅमही चालतं, असं दिसलं. गर्भाशयमुखाच्या, शेजारी पसरलेल्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन दिल्यानं पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं, हेही टाटामध्येच ८५० भारतीय स्त्रियांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये सिद्ध झालं. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात. शंभर घरांपैकी आणखी आठ घरांत आई उरते.

मूत्रपिंड किंवा कान कमकुवत असलेल्यांचं काय? त्यांच्यासाठीही टाटामधूनच उत्तर आलं. सिसप्लॅटिन झेपणार नाही अशा तोंड-घशाच्या रुग्णांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल दिलं, तर दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ वरून ५१ टक्क्यांवर जातं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. सिसप्लॅटिनची भावंडंही आहेत. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडाला सौम्य, पण रक्तपेशी जास्त घटवतं. जपानच्या नागोयात जन्मलेलं ऑक्झॅलिप्लॅटिन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी; ते चालू असताना थंड पाण्याचा स्पर्शही झोंबतो.

एवढ्या जुन्या, स्वस्त औषधाचा तुटवडा पडेल, असं कुणाला वाटलं नसतं. पण २०२३ मध्ये अमेरिकेत तो पडला, आणि त्याचं मूळ गुजरातेत होतं. अमेरिकेला लागणारं जवळपास निम्मं सिसप्लॅटिन अहमदाबादजवळच्या साणंद इथल्या इंटास कंपनीच्या कारखान्यातून जात असे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासणीत गुणवत्ता-नियंत्रणातल्या गंभीर त्रुटी निघाल्या, उत्पादन थांबलं, आणि काही महिन्यांत तिथल्या मोठमोठ्या कॅन्सर केंद्रांना औषध पुरवून वापरावं लागलं. शेवटी चीनमधून माल आणण्याची तात्पुरती परवानगी द्यावी लागली. नफा थोडा, म्हणून बनवणारे थोडे, म्हणून एक कारखाना थांबला की समुद्रापलीकडचा रुग्ण अडतो. हे औषध कुठे आणि किती काळजीनं बनतं, यावर सरकारनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

औषध मिळालं तरी पूर्ण होणं वेगळं. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं; मधे खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढीला लागतात. लूमवर काम तसे पैसे असतात. खाडा झाला की त्या दिवसाची कमाई गेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड येतं, गिळवत नाही, वजन उतरतं, आणि त्याच वेळी घरचे म्हणतात, थोडे दिवस गावी जाऊन ये. नेमक्या याच टप्प्यावर उपचार मोडू द्यायचा नाही. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न देता येतं. त्यात लाज नाही, ती काही आठवड्यांची सोय आहे. आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालू शकतं, म्हणून नंदुरबारच्या माणसानं सुरतेत येताना ते सोबत आणावं आणि पहिल्याच दिवशी योजनेच्या खिडकीवर दाखवावं. फाईल गुजराती किंवा इंग्रजीत असली, तर पुढची तारीख, तापाच्या वेळी करायचा फोन आणि गोळ्यांच्या वेळा तिथेच बसून आपल्या भाषेत लिहून घ्याव्यात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र काढू नये, लगेच रुग्णालय गाठावं. किमोनंतर दोन दिवस रुग्णाच्या लघवीत औषध असतं. संडासात भरपूर पाणी टाकावं आणि त्याचे कपडे धुताना हातमोजे घालावेत.

मावा किंवा तंबाखू उपचाराच्या पहिल्या दिवशी कायमची सोडा. आणि घरात कुणाच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर त्याला याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरला पुष्कळदा ऑपरेशन पुरतं, आणि या बाटलीची गरजच पडत नाही.